मत आणि निष्ठा : त्रिपुरी, १९३९

१९३५ या एकाच वर्षी हिंदी राष्ट्रीय चळवळीचे दोन इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला वर्षारंभी लंडनमध्ये निघाला. ‘द इंडियन स्ट्रगल’ हे त्याचे नाव आणि सुभाषचंद्र बोस हे त्याचे लेखक. प्रकृतीच्या कारणाने युरोपात राहावे लागले असताना त्यांनी तो लिहिला आणि हिंदुस्थानात त्याच्यावर सरकारने बंदी घातली. दुसरा ग्रंथ त्याच वर्षी काँग्रेसच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्वतः काँग्रेसच्या कार्यकारिणीने प्रसिद्ध केला. त्याचे लेखक होते मच्छलीपट्टणचे डॉ. भोगराजू पट्टाभी सीतारामय्या. एका ग्रंथात गांधीयुगाचे परखड, प्रसंगी अधीर असे परीक्षण आहे, तर दुसऱ्यात त्याच युगाचा अधिकृत आणि श्रद्धेने रेखाटलेला आलेख आहे. दोन्हींतल्या घटना बव्हंशी त्याच, व्यक्तीही त्याच. त्यांचा अर्थ लावण्याची रीत मात्र भिन्न.

२९ जानेवारी १९३९ रोजी हे दोन इतिहासकार काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७ मते पडली. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, जबलपूरजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या अधिवेशनात, विजयी अध्यक्षाचे हात बांधणारा ठराव संमत झाला, आणि निवडणुकीला तीन महिने पुरे होत असतानाच अध्यक्षाने राजीनामा दिला. एवढ्या अल्पावधीत मतदारांच्या निष्ठा बदलल्या होत्या काय? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एका उत्तरानुसार वरिष्ठांनी कारस्थान करून लोकशाहीचा कौल उलटविला. दुसऱ्यानुसार जानेवारीतला कौल क्षणिक भावनेचा होता आणि मार्चमध्ये सदसद्विवेक जागा झाला. दोन्ही उत्तरांत काही तथ्य आहे. परंतु जानेवारीत आणि मार्चमध्ये मतदारांना एकच प्रश्न विचारला गेला होता, असे दोन्ही उत्तरे गृहीत धरतात, आणि तेच तपासून पाहण्याची गरज आहे.

प्रथम मतदार कोण होता हे लक्षात घेतले पाहिजे. १९३४ साली मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेसची घटना नव्याने बांधण्यात आली. चार आणे वर्गणी भरणारा प्राथमिक सभासद हा तिचा पाया होता. हे सभासद प्रतिनिधी निवडीत, आणि प्रतिनिधी आपापल्या प्रांतात मतदान करून अध्यक्ष निवडीत. प्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेल्या सभासदांची अखिल भारतीय समिती बने, आणि कार्यकारिणीचे सभासद नेमण्याचा अधिकार अध्यक्षाकडे असे. कागदावर ही रचना स्वच्छ आणि सोपानबद्ध होती. प्रत्यक्षात मात्र अध्यक्षपदाच्या निवडणुकीत खुली चुरस होऊ न देण्याचा प्रघात होता. १९०७ साली सुरतेला जे घडले, त्याची स्मृती या प्रघातामागे असणे स्वाभाविक आहे. नागपूरला ठरलेले ते अधिवेशन सुरतेला हलविले गेले, लाला लजपतराय यांना अध्यक्ष करावे हा राष्ट्रीय पक्षाचा आग्रह मान्य झाला नाही, आणि रासबिहारी घोष यांच्या निवडीला हरकत घेण्यासाठी टिळक व्यासपीठावर गेले तेव्हा मंडपाचे रणांगण झाले. त्यानंतर अध्यक्षाचे नाव आधी वडीलधाऱ्यांत ठरावे आणि प्रांतांनी त्यावर संमतीची मोहोर उठवावी, ही रीत रुळली. १९३८ साली हरिपुऱ्याला सुभाषबाबू स्वतः याच रीतीने अध्यक्ष झाले होते.

तथापि १९३८ अखेरची काँग्रेस पूर्वीची राहिली नव्हती. १९३७ च्या निवडणुकांनंतर प्रांताप्रांतांत तिची मंत्रिमंडळे आली आणि पुढच्या वर्षी आसाम धरून त्यांची संख्या आठ झाली. सभासदांची संख्या काही पटींनी वाढून चाळीस लाखांच्या पुढे गेली. चळवळीची संस्था हळूहळू सत्तेची संस्था होऊ लागली, आणि सत्तेबरोबर येणारे हेवेदावेही आले. मध्य प्रांतात डॉ. ना. भा. खरे यांना १९३८ च्या उन्हाळ्यानंतर मुख्यमंत्रिपदावरून दूर व्हावे लागले, तेव्हा मराठी नागपूर आणि हिंदी महाकोशल यांच्यातील ताण साऱ्या देशाने पाहिला. खऱ्यांविरुद्धचा निर्णय झाला तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते. वरिष्ठांविषयीची नाराजी जेथे जेथे होती, तेथे तेथे ती आपोआप सुभाषबाबूंच्या पदरात पडली, असा सरळ हिशेब म्हणूनच मांडता येत नाही.

दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची इच्छा सुभाषबाबूंनी दडवून ठेवली नाही. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना ब्रिटिश सरकार पुढे रेटणार, युरोपात युद्ध पेटणार, आणि त्या संधीचा लाभ घेण्यास काँग्रेसने आधीच सज्ज असले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रवींद्रनाथ ठाकुरांचा त्यांना पाठिंबा होता. १९३९ च्या प्रारंभी निघालेली ‘ताशेर देश’ या आपल्या नाटकाची दुसरी आवृत्ती कवीने सुभाषचंद्रांना अर्पण केली. नियमांनी जखडलेल्या पत्त्यांच्या राज्यात बाहेरून येऊन चैतन्य आणणाऱ्या राजपुत्राची ती कथा आहे. ही अर्पणपत्रिका त्या दिवसांत कशी वाचली गेली असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. गांधीजींच्या मनात मात्र मौलाना आझाद होते. मौलानांनी आरंभी रुकार दिला आणि नंतर प्रकृतीचे कारण सांगून माघार घेतली. मग पट्टाभींचे नाव पुढे आले.

निवडणुकीपूर्वीच्या आठवड्यात प्रसिद्ध झालेली निवेदने या साऱ्या प्रकरणाची संहिताच होत. इतर देशांप्रमाणे येथेही अध्यक्षाची निवड निश्चित विचार आणि कार्यक्रम यांच्या आधारावर व्हावी, अशी भूमिका सुभाषबाबूंनी घेतली. २४ जानेवारीला वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, जमनालाल बजाज, आचार्य कृपलानी, भुलाभाई देसाई, जयरामदास दौलतराम आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव या कार्यकारिणीच्या सात सभासदांनी उत्तर दिले. अध्यक्ष हा धोरण ठरविणारा नसून राष्ट्राच्या ऐक्याचे प्रतीक आहे, त्याचे स्थान घटनात्मक राजासारखे आहे, म्हणून त्याची निवड एकमतानेच झाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्युत्तरात सुभाषबाबूंनी एक वाक्य असे लिहिले की ज्याचा डाग पुढे कधीही पुसला गेला नाही. येत्या वर्षात काँग्रेसमधील उजवा गट संघराज्याच्या प्रश्नावर सरकारशी तडजोड करील असे पुष्कळांना वाटते, असा त्या वाक्याचा आशय होता. आरोप थेट केलेला नव्हता, पण तो ज्यांना लागायचा त्यांना लागला. नेहरूंनाही संघराज्याचा प्रश्न या लढतीत गोवणे मान्य नव्हते.

या वादात दोन्ही पक्षांनी अध्यक्षपदाचे दोन वेगळे अर्थ गृहीत धरले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सुभाषबाबूंच्या दृष्टीने अध्यक्ष हा कर्ता होता, सात सभासदांच्या दृष्टीने तो प्रतीक होता. मतदाराने मत दिले ते या दोहोंपैकी कोणत्या अध्यक्षाला, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते. मराठीत ‘मत’ या एकाच शब्दात अभिप्राय आणि निवडणुकीतील कौल हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. व्यवहारात ते नेहमीच एकत्र नांदतात असे नाही.

मतांची प्रांतवार विभागणी पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. बंगालने सुभाषबाबूंना ४०४ आणि पट्टाभींना ७९ मते दिली. आंध्रने पट्टाभींना १८१ आणि सुभाषबाबूंना २८ मते दिली. गुजरातेत सुभाषबाबूंना केवळ पाच मते मिळाली आणि पट्टाभींना शंभर. बंगालचा कौल हा बंगालच्या सुपुत्राला होता, आंध्रचा आंध्रच्या सुपुत्राला, आणि गुजरातचा कौल गांधीजी व सरदार यांच्या शब्दाला. येथवर विचारप्रणालीचा संबंध फारसा येत नाही. परंतु संयुक्त प्रांत, पंजाब, कर्नाटक, तामिळनाडू आणि केरळ येथे सुभाषबाबूंना बहुमत मिळाले, आणि ते निव्वळ प्रांताभिमानाने समजावून देता येत नाही. तेथे समाजवादी, साम्यवादी, रॉयवादी आणि किसान सभांचे कार्यकर्ते त्यांच्या बाजूने होते, आणि त्यांच्या जोडीला तरुण प्रतिनिधींचा मोठा वर्ग होता. बंगाल आणि पंजाब या दोन्ही प्रांतांत काँग्रेसचे मंत्रिमंडळ नव्हते, हाही योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सत्तेपासून दूर असलेल्यांना संघर्षाची भाषा अधिक जवळची वाटते. मात्र संयुक्त प्रांतात पंतांचे आणि मद्रासेत राजाजींचे मंत्रिमंडळ असूनही तेथील कौल विरुद्ध गेला. त्यामागे मंत्रिमंडळांविषयीचा असंतोषही असू शकेल. महाराष्ट्रातील मते जवळजवळ निम्मी निम्मी विभागली जाऊन पट्टाभींकडे किंचित झुकली. शंकरराव देवांची सही असलेले निवेदन समोर असूनही जवळपास अर्धे प्रतिनिधी दुसरीकडे गेले, ही बाब बोलकी आहे.

एवंच, त्या १५८० मतांत किमान चार प्रकारची मते एकवटली होती : प्रांताभिमानाची, विचारांची, स्थानिक नाराजीची आणि उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वावर लुब्ध झालेली. या चौघांत समान असे काही असेल तर ते एवढेच की, सुभाषबाबू अध्यक्ष व्हावेत असे सर्वांना वाटत होते. गांधीजींचे नेतृत्व संपावे असे त्यांपैकी किती जणांना वाटत होते? बहुतेकांना हा प्रश्न आपल्यापुढे आहे असेच वाटले नसावे.

तो प्रश्न ३१ जानेवारीला उभा राहिला. पट्टाभींनी नाव मागे घेऊ नये यासाठी आपण कारणीभूत झालो, म्हणून हा पराभव त्यांच्यापेक्षा आपलाच अधिक आहे, असे गांधीजींनी बार्डोलीहून प्रसिद्ध केलेल्या निवेदनात म्हटले. त्याच निवेदनात त्यांनी सुभाषबाबूंच्या विजयाबद्दल समाधान व्यक्त केले, काँग्रेसच्या नोंदवह्यांत बनावट सभासदांची नावे मोठ्या संख्येने आहेत अशी टीका केली, आणि ज्यांना बहुमताबरोबर चालणे शक्य नसेल त्यांनी बाहेर पडावे असेही सुचविले. या निवेदनाची भाषा नम्र आहे. पण नम्रतेच्या त्या एका वाक्याने साऱ्या निवडणुकीचा अर्थ मागाहून बदलून गेला. पट्टाभींविरुद्ध दिलेले मत हे गांधीजींविरुद्ध दिलेले मत ठरले. ज्या प्रतिनिधीने सुभाषबाबूंना मत देऊन गांधीजींवरची श्रद्धाही तशीच जपली होती, त्याला आपण काही विपरीत करून बसलो की काय, अशी शंका येऊ लागली. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत असतो की वाचकाच्या वाचनात, हा वाद साहित्यात जुना आहे. मतपेटीतील संहितेच्या बाबतीत मात्र तो अधिकाराने सुटतो. ज्याचा शब्द मोठा, त्याचे वाचन प्रमाण ठरते.

१५ फेब्रुवारीला सुभाषबाबू वर्ध्याला गांधीजींना भेटले, परंतु त्यातून मार्ग निघाला नाही. २२ फेब्रुवारीला वर्ध्यालाच कार्यकारिणीची बैठक होती. सुभाषबाबू तापाने अंथरुणाला खिळले असल्याने त्यांनी ती पुढे ढकलण्याची तार केली. त्यानंतर बारा सभासदांनी राजीनामे दिले. नेहरूंनी आपले वेगळे निवेदन काढले, पण तेही बाजूला झाले. अध्यक्षाजवळ उरले ते त्यांचे बंधू शरद्‌बाबू. घटनेने दिलेला अधिकार अध्यक्षाकडे शाबूत होता. तो ज्यांच्या सहकार्याने वापरायचा ती माणसे मात्र उरली नव्हती.

त्रिपुरी ही एके काळची कलचुरींची राजधानी. राजशेखरासारखा कवी त्या राजसभेत वावरला होता, आणि तेथील राजांचे कोरीव लेख संपादून वा. वि. मिराशी यांनी मराठी पांडित्याचा त्या भूमीशी कायमचा संबंध जोडला आहे. १९३९ च्या मार्चमध्ये अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी तेथे बावन्न हत्ती जमविले होते. पण रथात बसले ते अध्यक्षांचे चित्र. अध्यक्ष स्वतः तापाने फणफणत होते आणि त्यांना उचलून मंडपात आणावे लागले. त्यांचे छोटेखानी भाषण दुसऱ्यांनी वाचून दाखविले. ब्रिटिश सरकारला सहा महिन्यांची मुदत देऊन निर्वाणीचा इशारा द्यावा, हा त्याचा गाभा होता. गांधीजी त्रिपुरीत नव्हते. राजकोटच्या संस्थानिकाने वचनभंग केल्यामुळे त्यांनी ३ मार्चला तेथे उपोषण आरंभिले होते, आणि ७ मार्चला ते सुटले तरी ते राजकोटलाच थांबले. रोगशय्येवरचा अध्यक्ष समोर होता आणि उपोषणाने क्षीण झालेला महात्मा दूर. प्रतिनिधींच्या मनात हे दोन्ही देह होते आणि निष्ठेची ओढ दोन्हींकडे होती.

अशा वातावरणात संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी आपला ठराव मांडला. जुन्या कार्यकारिणीवर विश्वास व्यक्त करावा, तिच्यावर झालेल्या आरोपांबद्दल खेद दर्शवावा, आणि नवी कार्यकारिणी अध्यक्षांनी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा त्याचा आशय होता. अध्यक्षाचा घटनादत्त अधिकार अशा रीतीने घटनेबाहेरच्या एका व्यक्तीच्या इच्छेला बांधला गेला. कारण गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्यांचेही सभासद नव्हते. राजाजींनी ठरावाचे समर्थन एका रूपकाने केले. नदीत दोन नावा आहेत. एक जुनी पण मोठी, तिचा नावाडी कसलेला. दुसरी नवी, रंगविलेली आणि पताकांनी सजविलेली, पण तिला भोक आहे. आणि नर्मदा खोल आहे. त्रिपुरीच्या साऱ्या वादविवादात हे रूपक सर्वांत परिणामकारक ठरले असावे. त्यात तर्क नव्हता. तर्क नव्हता म्हणूनच त्याला तर्काने उत्तर देता येईना. विषयनियामक समितीत ठराव २१८ विरुद्ध १३५ मतांनी संमत झाला. पुढे खुल्या अधिवेशनात प्रचंड गदारोळ झाला, तरी ठराव टिकला.

येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. जानेवारीत प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या प्रांतात राहून मत दिले होते. विषयनियामक समितीत मत दिले ते अखिल भारतीय समितीच्या सभासदांनी, म्हणजे प्रतिनिधींनी निवडलेल्या अधिक मुरब्बी आणि संघटनेत मुरलेल्या मंडळींनी. मतदारसंघच थोडा वेगळा होता, ही गोष्ट ‘निष्ठा फिरल्या’ असे म्हणताना विसरली जाते. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण खुल्या अधिवेशनातही निर्णय तोच राहिला. तेथे निर्णायक ठरली ती काँग्रेस समाजवादी पक्षाची तटस्थता. जयप्रकाशांच्या नेतृत्वाखालील या गटाने जानेवारीत सुभाषबाबूंना मते दिली होती आणि विषयनियामक समितीत पंतांच्या ठरावाला विरोध केला होता. खुल्या अधिवेशनात मात्र त्यांनी मतदानात भाग घेतला नाही. सुभाषबाबूंच्या अनुयायांनी याला विश्वासघात म्हटले.

समाजवाद्यांच्या या वागण्यामागे नुसता भित्रेपणा होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. गांधीजींचा सत्याग्रह आणि समाजवादाची आर्थिक दृष्टी यांचा मेळ घालता येईल काय, हा त्या पिढीपुढचा मोठा वैचारिक प्रश्न होता. मराठीत आचार्य शं. द. जावडेकरांचा ‘आधुनिक भारत’ १९३८ मध्ये, म्हणजे त्रिपुरीच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातील विवेचनाचा रोख अशाच समन्वयाकडे आहे. हा समन्वय ज्यांना हवा होता त्यांना गांधीजींवाचून काँग्रेस नको होती आणि सुभाषबाबूंचा पराभवही नको होता. अध्यक्ष कोण, एवढाच प्रश्न होता तोवर हे दोन्ही साधत होते. गांधीजी की सुभाष, असा प्रश्न झाला तेव्हा त्यांना काहीच साधेना, आणि त्यांनी हात वर केला नाही. तटस्थता ही त्यांच्या द्विधा निष्ठेची प्रामाणिक अभिव्यक्ती होती. ती निर्णायक क्षणी अभिव्यक्त झाली, हे त्यांचे दुर्दैव, आणि सुभाषबाबूंचेही.

जानेवारी आणि मार्च यांचे कोडे या दृष्टीने पाहिले तर बरेचसे उलगडते. काही मते खरोखरच फिरली. मंत्रिपदावरील मंडळींचे वजन पडले, राजकोटच्या उपवासाचा परिणाम झाला, आणि जानेवारीतील आरोपाबद्दलचा रागही होता. पण पुष्कळांच्या बाबतीत निष्ठा फिरली नव्हती, प्रश्न फिरला होता. जानेवारीत त्यांच्याकडे मत मागितले गेले आणि ते त्यांनी सुभाषबाबूंना दिले. मार्चमध्ये निष्ठा मागितली गेली आणि ती पूर्वीपासून जेथे होती तेथेच त्यांनी ती ठेवली. सुभाषबाबूंची चूक अशी की, पहिल्या उत्तरात दुसरेही सामावले आहे असे ते धरून चालले. त्यांच्या विरोधकांची चूक अधिक गंभीर होती. दुसरे उत्तर हाती येताच पहिले रद्द झाले असे त्यांनी मानले.

त्रिपुरीनंतरचे पाच-सहा आठवडे म्हणजे पत्रव्यवहाराचा काळ. धनबादजवळ जामाडोबा येथे विश्रांती घेत असताना सुभाषबाबूंनी गांधीजींना पत्रांमागून पत्रे लिहिली. संमिश्र कार्यकारिणी नेमावी आणि नावे गांधीजींनी सुचवावीत, ही त्यांची विनवणी. मतभेद इतके मूलभूत आहेत की सुभाषबाबूंनी आपल्या विचारांची एकजिनसी कार्यकारिणी नेमावी, हे गांधीजींचे उत्तर. पंतांच्या ठरावाचा जितका विचार करावा तितका तो आपल्याला नापसंत वाटतो, असेही गांधीजींनी कळविले. ज्याच्या नावाने ठराव झाला त्यालाच तो नको होता, आणि ज्याच्याविरुद्ध झाला तो मात्र त्याचे पालन करण्यासाठी धडपडत होता. २८ मार्चला सुभाषबाबूंनी नेहरूंना लिहिलेले दीर्घ पत्र आणि नेहरूंनी ३ एप्रिलला दिलेले उत्तर ही दोन्ही पुढे १९५८ साली नेहरूंनीच ‘अ बंच ऑफ ओल्ड लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केली. आपल्यावरील इतके कठोर दोषारोप स्वतःच्या हाताने छापणाऱ्या राजकारण्याचे उदाहरण विरळा. रवींद्रनाथांनी बंगालला झालेल्या जखमेवर फुंकर घालावी अशी गांधीजींना विनंती केली. कवीलाही हा प्रश्न एका प्रांताच्या दुखावलेल्या मनाचा वाटावा, यात बंगालच्या ४०४ मतांचे मर्म दिसते.

याच काळात ‘मॉडर्न रिव्ह्यू’च्या एप्रिलच्या अंकात सुभाषबाबूंनी आपल्या विलक्षण आजाराविषयी एक लेख लिहिला. त्रिपुरीतल्या वातावरणाने आलेला उबग त्यात आहे. त्याचबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यातून अनोळखी माणसांनी पाठविलेली औषधे, ताईत, अंगारे आणि आशीर्वाद यांचे वर्णनही आहे. ही माणसे प्रतिनिधी नव्हती, आणि त्यांतील अनेकांनी चार आणेही भरले नसतील. मंडपात ज्याला निष्ठा मिळाली नाही त्याला ती मंडपाबाहेर मिळत होती. पुढच्या आयुष्यात सुभाषबाबूंनी जे मार्ग चोखाळले, त्यांचे बीज या जाणिवेत शोधावे लागते.

२९ एप्रिलला कलकत्त्यात अखिल भारतीय समितीची बैठक भरली. सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी राजेंद्रप्रसाद निवडले गेले, आणि ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा झाली. ऑगस्टमध्ये शिस्तभंगाच्या कारणावरून सुभाषबाबूंना तीन वर्षे निवडणुकीच्या पदांसाठी अपात्र ठरविण्यात आले. १९४० च्या रामगढ अधिवेशनापूर्वीच्या निवडणुकीत मौलाना आझाद आणि मानवेंद्रनाथ रॉय हे उमेदवार होते. मौलानांना १८६४ मते मिळाली आणि रॉय यांना १८३. एका वर्षापूर्वी १५८० मते मिळविणारी शक्ती जणू अंतर्धान पावली होती. त्याच रामगढला सुभाषबाबूंची तडजोडविरोधी परिषद भरली ती काँग्रेसच्या मंडपाबाहेर.

या कथेचा उत्तरार्ध स्वातंत्र्यानंतर घडला. १९४७ साली पट्टाभींच्या इतिहासाचा दुसरा खंड आला. अधिकृत इतिहासकाराला त्यात स्वतःच्या पराभवाचे प्रकरणही लिहावे लागले. १९४८ मध्ये ते पुरुषोत्तमदास टंडन यांना हरवून अध्यक्ष झाले. १९५० मध्ये टंडन पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांच्यासमोर होते आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव, म्हणजे १९३९ च्या निवेदनावर सह्या करणाऱ्या सातांपैकी दोघे. अध्यक्षाची निवड एकमतानेच झाली पाहिजे असे ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी बजावले होते, ते आता स्वतः चुरशीच्या निवडणुकीत उतरले होते. टंडन यांना १३०६, कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२ मते पडली. टंडन यांचे मताधिक्य उरलेल्या दोघांच्या बेरजेहून केवळ बाराने जास्त होते. कृपलानी पुढे पक्षाबाहेर पडले. १९५१ मध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला, तेव्हा टंडन यांना पद सोडावे लागले आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. टंडन यांचे विचार सुभाषबाबूंच्या विचारांपासून फार दूरचे होते. पण त्यांचा अनुभव तोच होता. प्रतिनिधींची बहुसंख्य मते त्यांच्याकडे होती, आणि प्रतिनिधींची निष्ठा दुसऱ्याकडे.

म्हणून त्रिपुरीचा अर्थ दोन व्यक्तींच्या स्पर्धेपुरता मर्यादित ठेवता येत नाही. सभासदांनी आपला नेता मोजून निवडावा ही कल्पना काँग्रेसने १९३४ साली घटनेत लिहिली, आणि १९३९ साली तिची पहिली खरी कसोटी लागली. मतदार त्या कसोटीला उतरले. तीन हजारांच्या आसपास प्रतिनिधी, मोठ्यांची निवेदने समोर असताना, आपल्या बुद्धीने मत देऊन गेले. उतरली नाही ती संस्था. त्या मताला जे मर्यादित पण निश्चित मूल्य होते, ते तिने मान्य केले नाही. मताने निष्ठा सिद्ध होत नाही, हे सुभाषबाबूंना त्रिपुरीत कळले. निष्ठेने मत पुसता येत नाही, हे मात्र तेथे जमलेल्यांपैकी फारच थोड्यांना कळले, आणि १९५१ मध्येही ते कळलेले दिसत नाही. जानेवारी १९३९ मधील २०३ मतांच्या त्या फरकाची नोंद दोन्ही इतिहासकारांच्या पक्षांनी आपापल्या परीने ठेवली आहे. एकाने ती अन्यायाचा पुरावा म्हणून ठेवली, दुसऱ्याने दुरुस्त झालेली चूक म्हणून. ज्या प्रतिनिधींनी ती मते दिली, त्यांच्या बाजूने लिहिलेला तिसरा इतिहास मात्र अजून लिहावयाचा राहिला आहे.